हवापाणी

‘हवापाणी’ हा द्वंद्व समास आम्ही वर्गात शेकडो वेळा फोडला आहे. हवा आणि पाणी. दोन शब्दांच्या मध्ये ‘आणि’ लिहिला की विग्रह झाला, एक गुण मिळाला, पुढच्या समासाकडे वळायचे. हाच समास फळ्याऐवजी प्रत्यक्षात फोडायचा झाला, म्हणजे मावळातल्या हवेतून मावळातले पाणी वेगळे काढायचे झाले, तर काय काय करावे लागते त्याची ही हकीकत आहे. साहित्याच्या पानावर यंत्राची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्यावे. गेल्या वर्षभरात आम्ही ज्या एका निर्णयासाठी सर्वाधिक वाचले, वाद घातले आणि झोप घालवली तो कोणत्याही ग्रंथाबद्दलचा नव्हता. तो हवा दाबून भरणाऱ्या यंत्राबद्दलचा, म्हणजे कॉम्प्रेसरबद्दलचा होता. (पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला ‘संपीडक’ म्हणता येते. पण या नावाने तो कुठल्या दुकानात मिळेल असे वाटत नाही.)

आधी थोडे स्थलवर्णन. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सोमाटणे फाट्याला वळले की थोड्याच अंतरावर शिरगाव लागते. बाहेरच्या जगाला ते ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ठाऊक आहे, ते तिथल्या साईमंदिरामुळे. गुरुवारी इथला रस्ता आमचा राहत नाही. एका बाजूला पवना, दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्गाची अखंड घरघर, आणि पलीकडे गहुंज्याचे क्रिकेटचे मैदान. या गावात, पूर्वी कोंबड्यांसाठी बांधलेल्या एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही दहा मीटरची नेमबाजीची जागा केली आहे. आम्ही म्हणजे तिघे: मराठी शिकवणारे दोघे आणि कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले अण्णा. मुले अकरा, बंदुका चार. त्यांतल्या दोन जुन्या, एक उसनी, आणि एक नववीतल्या मुलीची स्वतःची. तिचे वडील दुधाचा रतीब घालतात. ती बंदूक घेण्यासाठी घरात काय विकले गेले हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

बंदूक हा शब्द मावळात जपून वापरावा लागतो. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकरी उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात त्यांतल्या तिघांचा जीव गेला. आम्ही शेडवर पाटी लावायला निघालो तेव्हा एका आजोबांनी फक्त एवढेच विचारले, “सर, गोळीबार शिकवणार का पोरांना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही त्यांना शेडमध्ये नेले आणि लक्ष्याचा कागद दाखवला. एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छापील पुस्तकातल्या पूर्णविरामाएवढा. दहा मीटरांवरून पूर्णविराम टिपायचा. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, “हे तर सुईत दोरा ओवण्याचं काम आहे.” त्या दिवसापासून त्यांची नात येऊ लागली.

जत्रेतली फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक सर्वांनी पाहिलेली असते. नळी मोडायची, आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्या पुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. या सगळ्या हालचालीत बंदूक हिसका देते. फुग्याला त्याचे काही वाटत नाही, पूर्णविरामाला वाटते. म्हणून स्पर्धेच्या बंदुकांतून आधी हिसका काढून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या, मग बाजूचा दांडा ओढून प्रत्येक छर्ऱ्यापुरती हवा दाबून घेणाऱ्या बंदुका आल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून आधीच हवा भरून ठेवलेल्या बंदुकांनी सगळे मैदान व्यापले. नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात बहुतेक बंदुकांच्या बाबतीत २०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने हवा भरलेली असते. चाप ओढला की एक झडप क्षणभर उघडते आणि त्या साठ्यातला एक चिमूटभर अंश छर्ऱ्यामागे सुटतो. (‘बार’ या शब्दाचे मराठीत आधीपासून काय काय अर्थ आहेत ते वाचकांना ठाऊकच आहे. उडणारा बार, फुसका बार आणि दाबाचा बार हे तिन्ही एकाच शेडमध्ये नांदतात, त्यामुळे आमच्याकडे भाषिक विनोदाची टंचाई नाही.)

कल्पना मात्र नवी नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी गिरार्दोनी नावाच्या कारागिराने अशीच बंदूक घडवली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी असे. ती टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. पुढे १८०४ ते १८०६ या काळात अमेरिका खंड ओलांडणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांनी ही जातीची बंदूक सोबत नेली होती. इतिहासात नाव बंदूक घडवणाऱ्याचे राहिले, ती घेऊन गेलेल्यांचे राहिले. ते दीड हजार दट्टे ज्या शिपायांनी मारले त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. नेमबाजीच्या आपल्याकडच्या कौतुकातही हा भाग येत नाही. अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत गेल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये. २००८ मध्ये अभिनव बिंद्राला सुवर्णपदक मिळाले. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. हे सारे दहा मीटर एअर रायफलचे. एकाग्रता, श्वास, मन यांवर पुष्कळ लिहिले गेले. हवा कुणी भरली यावर नाही. आम्ही या प्रश्नाकडे वळलो ते केवळ नाइलाजाने.

कारण नवव्या इयत्तेतल्या त्या मुलीची हवा संपत होती. सुरुवातीला तिचे वडील दर आठवड्याला सिलिंडर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, मोटारसायकलवरून बालेवाडीच्या बाजूला एका ओळखीच्या ठिकाणी भरून आणत. बंदुकीचा सिलिंडर म्हणजे आतून जेमतेम एक फुलपात्र. २०० बारला भरला की दोन-अडीचशे छर्रे निघतात. महिलांच्या स्पर्धेत २०१८ पासून पुरुषांइतक्याच, म्हणजे ६० गोळ्या असतात. सराव त्याच्या तिप्पट-चौपट. आठवड्याची हवा दोन दिवसांत संपायची. उरलेले दिवस ती मुलगी रिकामी बंदूक खांद्याला लावून कोऱ्या भिंतीवर नेम धरायची. असा कोरडा सराव उपयुक्त असतो हे खरे. पण तो स्वेच्छेने करणे वेगळे आणि हवा नाही म्हणून करणे वेगळे.

मग शोध सुरू झाला आणि गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. पहिला सल्ला फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा: “आणा इकडं, मारून देतो हवा.” त्याच्या टाकीत आठ-दहा बार. आपल्याला हवे दोनशे. कॉम्प्रेसर या शब्दाची इथे अशी पंचाईत आहे की तो सर्वांना माहीत आहे. पुणे हे तर कॉम्प्रेसरचे माहेरघर: हडपसरला १९५८ पासून किर्लोस्कर न्यूमॅटिक आहे, दापोडीला ॲटलास कॉपको होतीच आणि २०२४ मध्ये त्यांनी आमच्या शेजारी तळेगावात नवा कारखाना उघडला. अण्णांच्या अर्ध्या मित्रांचे आयुष्य कॉम्प्रेसर जुळवण्यात गेले. पण कारखान्यातल्या हत्यारांना हवा लागते ती पुष्कळ आणि कमी दाबाची. आपल्याला लागते ती फुलपात्रभर आणि प्रचंड दाबाची. नाव एक, जात वेगळी.

दुसरा सल्ला वेल्डिंगच्या दुकानातून आला आणि तो इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण तो शहाण्यासुरत्या माणसाने, मदतीच्या भावनेने दिला होता. त्याच्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर असतात, त्यांत दीडशे बार दाब असतो. “अर्धी-पाऊण भरेल की, सर. फुकट भरून देतो.” आमच्यातल्या दुसऱ्या शिक्षिका, ज्यांना यंत्रातले काहीही कळत नाही असे त्या स्वतःच सांगतात, त्या ‘चालेल का हो?’ असे अण्णांकडे पाहून म्हणाल्या, आणि अण्णांचा चेहरा आम्ही प्रथमच पांढरा झालेला पाहिला. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि बंदुकीच्या आतल्या तेल-ग्रीसचा एक थेंब एकत्र आले की ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. झडप उघडताना होणाऱ्या दाबाच्या उष्णतेने पेट घेतो आणि सिलिंडर बाँबसारखा फुटतो. आणि तो सिलिंडर कुठे असतो? गालापासून वीतभर अंतरावर. अण्णांनी त्याच दिवशी शेडच्या दारावर खडूने लिहिले: ‘फक्त हवा. दुसरा कोणताही वायू नाही.’ पुढे ते रंगाने लिहिले. आमच्या संस्थेचे घोषवाक्य म्हणून ते आम्हाला अजूनही आवडते.

मग हातपंप. उभा, तीन टप्प्यांचा, सायकलच्या पंपाच्या थोरल्या भावासारखा. १०० बारवरून २०० बारवर न्यायला शंभरेक दट्टे, आणि शेवटच्या तीस-चाळीस दट्ट्यांना अंगाचे सगळे वजन घालावे लागते. नववीतल्या मुलीचे वजन पुरत नाही. तिच्या वडिलांचे पुरते, पण ते पहाटे तीनला उठलेले असतात. शिवाय पंप मारून थरथरणाऱ्या हातांनी लगेच नेम धरायचा, हा प्रकार विपरीतच. हातपंप आम्ही घेतला. तो अजून आहे आणि वीज गेली की उपयोगी पडतो. पण अकरा मुलांचे घर त्यावर चालणार नव्हते.

यापुढे निवड खऱ्या अर्थाने सुरू झाली. समोर तीन वाटा होत्या. एक, गाडीच्या बॅटरीवर चालणारा डब्याएवढा कॉम्प्रेसर. बंदुकीला थेट जोडायचा, दहा-पंधरा मिनिटांत काम. दोन, दोन टप्प्यांचा थोडा मोठा विजेचा कॉम्प्रेसर, ज्याच्या डोक्यावरून बादलीतले पाणी खेळवून त्याला थंड ठेवावे लागते. तीन, पाणबुड्यांसाठी आणि अग्निशामक दलासाठी श्वासाची हवा भरतात तसला तीन टप्प्यांचा कॉम्प्रेसर. पहिला काही हजारांत, दुसरा त्याच्या काही पट, तिसरा नवा घेतला तर लाखांत. तिघांच्याही जाहिरातीत आकडा एकच: ३०० बार. फोनवर विक्रेत्यांना आम्ही काहीही विचारले तरी उत्तर तेच यायचे. “सर, तीनशे बार आहे.” गाळणी कशी आहे? “सर, तीनशे बार.” पालुपद असलेल्या लोकगीतासारखे ते ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाले.

दाबाचा आकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता, आणि का अपुरा होता ते कळायला आम्हाला जून उजाडावा लागला. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड तापते हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. एकाच दमात वातावरणातली हवा तीनशे पट दाबली तर हिशोबाने तापमान हजार अंशांच्या पुढे जाईल. कुठलेही तेल, कुठलेही रबर तिथे टिकणार नाही. म्हणून टप्पे पाडायचे. दोन टप्पे केले तर प्रत्येकात सतरा-अठरा पट दाब, तीन केले तर प्रत्येकात पावणेसात पट, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हवा नळीच्या वेटोळ्यातून फिरवून थंड करायची. टप्पे जितके अधिक तितके यंत्र निवांत. आता या थंड करण्यातच पाण्याची गोष्ट दडलेली आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडे शिरगावपर्यंत येताना तो झपाट्याने उतरतो, आमच्याकडे त्याच्या निम्म्याचाही वाटा येत नाही. पण पावसाळ्यातली ओल मात्र सगळीकडे सारखीच. बरणीतले मीठ पाझरते, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवर बुरशीची पांढुरकी साय धरते. ही ओल कॉम्प्रेसर ओढून घेतो. जुलैतल्या पंचवीस अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमच्या वर पाण्याची वाफ असते. अग्निशामक दलाच्या पाठीवर असतो तसा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरायचा म्हणजे दोन घनमीटरहून थोडी अधिक हवा त्यात कोंबायची. तिच्याबरोबर चाळीसेक ग्रॅम पाणी येते: चहाचे आठ चमचे. आणि गंमत अशी की हवा कितीही दाबली तरी तेवढ्याशा जागेत वाफेच्या रूपात मावू शकणारे पाणी फारसे वाढत नाही, ६.८ लिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमाहून अधिक मावणार नाही. मग उरलेले साडेएकोणचाळीस ग्रॅम कुठे जाणार? ते पाणी होऊन पडते. यंत्रात पडले आणि वेळेवर काढून टाकले तर ठीक. नाहीतर ते सिलिंडरमध्ये पडते, तिथून बंदुकीत शिरते, आतल्या दाब समान राखणाऱ्या नियामकाच्या तोंडाशी बसते आणि पोलादाला गंजवते.

त्याचा परिणाम कसा दिसतो? तो फुटण्याने दिसत नाही, हीच अडचण आहे. आमच्याकडच्या उसन्या बंदुकीने तो दाखवला. ती आमच्याकडे यायच्या आधी कुठेतरी ओल्या हवेने भरली गेली असावी. अण्णांनी नियामक उघडला तेव्हा आत तांबूस राळ होती. बंदूक चालत होती, आवाज ठीक होता, फक्त दर सात-आठ छर्ऱ्यांमागे एक छर्रा दोन-तीन मिलिमीटर खाली जायचा. ज्या मुलाकडे ती होती तो स्वतःला दोष देत होता: श्वास चुकला, चाप झटक्याने ओढला, मन लागत नाही. महिनाभर आम्हीही त्याला श्वासाबद्दलच सांगत होतो, सगळी पुस्तके तेच सांगतात. मुलाच्या मनात दोष शोधला जातो आणि दोष असतो कुठल्यातरी जुलैच्या दुपारच्या हवेत, हे आम्हाला फार लागले. त्यानंतर दाबाच्या आकड्यात आमचे मन रमेना.

आता तिन्ही वाटांकडे पाहण्याची नजर बदलली. डब्याएवढा कॉम्प्रेसर बंदुकीला थेट जोडायचा, म्हणजे पाणी वेगळे व्हायला ना जागा ना वेळ. गरम, ओली हवा सरळ आत. त्याच्या बोटाएवढ्या गाळणीतला कापूस आषाढातल्या एका दिवसात भिजून चिंब होणार. कोरड्या प्रदेशात, एका माणसाच्या एका बंदुकीसाठी ते यंत्र चांगले असेल, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. बादलीवाला दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर त्याहून बरा, पण तो तापतो, त्याला दर काही मिनिटांनी विसावा द्यावा लागतो, आणि पाणी सोडायची चकती आठवणीने उघडावी लागते. आठवण ही मुलांच्या संस्थेतली सर्वांत महाग वस्तू आहे. तिसऱ्यात पाणी वेगळे काढणारी भांडी टप्प्याटप्प्यावर असतात आणि शेवटी एक जाड गाळणी: ओल शोषणारे दाणे आणि तेलाचा वास शोषणारा कोळसा. पाणबुड्याने ती हवा श्वासात घ्यायची असते. तारकर्लीच्या समुद्रात उतरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला चालते ती हवा आमच्या नियामकाला का चालू नये? इतका साधा युक्तिवाद होता, पण किमतीच्या आकड्यापुढे तो महिनाभर उभा राहू शकत नव्हता.

तेव्हा चौथी एक वाट पुढे आली: कॉम्प्रेसर घेऊच नये. दोन मोठे सिलिंडर घ्यावेत आणि बाहेरून भरून आणावेत. याचा हिशोब आम्ही फळ्यावर केला. ३०० बारचा ६.८ लिटरचा सिलिंडर २०० पर्यंत उतरेतो फुलपात्राएवढा बंदुकीचा सिलिंडर १०० वरून २०० वर सुमारे तीस वेळा नेतो. पाणबुड्यांचा २०० बारचा मोठा सिलिंडर दिसायला थोरला, पण पहिल्या भरणीनंतर तो पूर्ण २०० कधीच देत नाही, कारण देणारा आणि घेणारा समान पातळीवर आले की हवा थांबते. (दातृत्वाबद्दल इथे एक दृष्टांत सहज करता येईल. मोह टाळतो.) वाट चांगली होती, एकच खोट. ३०० बारला भरून देणारे ठिकाण जवळ नव्हते, आणि दुधाच्या मोटारसायकलवर असा सिलिंडर बांधून द्रुतगती मार्गाच्या कडेने न्यायचा या कल्पनेने अण्णा बैठकीतून उठून गेले.

ते उठून का गेले ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आकड्यांत सांगितले. शाळकरी स्पर्धेच्या बंदुकीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलच्या आतली आणि .१७७ इंचापेक्षा मोठी नळी नसलेली हवेची बंदूक परवान्यातून वगळलेली आहे. आणि तो भरलेला ६.८ लिटरचा सिलिंडर? एकदम फुटला तर चार लाख ज्यूलच्या घरात. पन्नास हजार छर्रे एका क्षणी. “सर, तुम्ही पोरांना बंदूक जमिनीकडं धरा, जमिनीकडं धरा म्हणून ओरडता,” अण्णा म्हणाले, “आणि हा कोपऱ्यात उभा आहे त्याच्याकडं कुणी बघत नाही.” बंदुकीला नळी आहे, चाप आहे, म्हणून ती भीतिदायक दिसते. सिलिंडर गॅसच्या सिलिंडरसारखा, घरातल्यासारखा दिसतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे, फक्त ते खाते वेगळे. बंदूक पोलिसांकडे, सिलिंडर नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे ‘पेसो’कडे. सिलिंडरच्या खांद्यावर मान्यतेचा, चाचणीचा, तारखेचा ठसा असतो आणि तो नसेल तर कितीही स्वस्त असला तरी हात लावायचा नाही. बंदुकीच्या सिलिंडरलाही वय असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांत ते जास्तीत जास्त दहा वर्षे. आमच्या दोन जुन्या बंदुकांच्या सिलिंडरांवरचे ठसे त्या रात्री आम्ही भिंगाखाली वाचले. एक बाद निघाला. मृत्युलेख वाचावा तसा तो ठसा सगळ्यांनी आळीपाळीने वाचला.

शेवटी तिसरी वाट ठरली; नवे यंत्र परवडणार नव्हते म्हणून वापरलेले. मिनिटाला शंभर लिटर हवा देणारा, तीन टप्प्यांचा, हवेनेच थंड होणारा, एका पाणबुडी व्यावसायिकाने मोठे यंत्र घेतल्यावर काढलेला. पैसे अकरा घरांतून आले. कुणी एकदम दिले, कुणी महिन्याला पाचशे. बैठकीत एका आईने विचारले, “त्या छोट्या डब्यानं भागत असेल तर एवढे कशाला?” हा प्रश्न आम्हाला वाटतो त्याहून न्याय्य होता. तिच्या दृष्टीने फरक दिसतच नव्हता. दोन्ही यंत्रे हवा देतात, दोन्हींवर तीनशे लिहिलेले. आम्ही तिला गंजलेला नियामक दाखवला आणि मुलाच्या गुणांची वही दाखवली. ती काही वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तो उगाच रडत होता.” ज्याच्याकडे उसनी बंदूक होती तो तिचाच मुलगा, हे सांगायचे राहिले.

यंत्र आले आणि नवे प्रश्न घेऊन आले. आवाज असा की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दोन दिवस दूध चोरू लागली. आता भरणी फक्त दुपारी दोन ते तीन. संध्याकाळी वीज मंदावते, मोटर गुरगुरते पण फिरत नाही, तेही दुपारच्या पथ्यावर पडले. हवा ओढायची नळी अण्णांनी छपराच्या वर नेली आणि तिचे तोंड द्रुतगती मार्गाच्या उलट दिशेला, पवनेकडे केले. गुरुवारी भरणी नाही, कारण मंदिराकडे जाणाऱ्या गाड्यांचा धूर तेवढा सगळीकडे असतो. सिलिंडर भिंतीपलीकडे, विटांच्या आडोशात. भरताना जवळ कोणी मूल नाही. भरून झाल्यावर तासभर तसाच ठेवायचा, थंड होऊ द्यायचा, मग बंदुकीला जोडायचा. तेही चकती हळूहळू उघडत.

दर दहा मिनिटांनी पाणी सोडायची चकती उघडली की फुस्स असा आवाज होतो आणि तळाच्या बाटलीत ताकासारखे पांढुरके पाणी जमते. त्यात तेल मिसळलेले असते म्हणून तो रंग. ते मोजून लिहून ठेवायचे असा नियम अण्णांनी घातला, औषधाच्या मापाने. पाणी कमी निघाले तर हवा कोरडी होती की ते गाळणीत शिरले, हे त्यावरूनच कळते, आणि दाणे कधी बदलायचे तेही. वहीचे रकाने असे: तारीख, वेळ, सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, पाणी, भरणाऱ्याची सही. ही वही दूधवाल्यांची मुलगी ठेवते. तिच्या घरी रोजच मापे आणि खाती चालतात, त्यामुळे तिला ते शिकवावे लागले नाही. जुलैच्या पानांवर पाण्याच्या रकान्यात पस्तीस, छत्तीस, तेहतीस असे आकडे आहेत. ऑक्टोबरात वीस. डिसेंबरच्या एका पानावर अकरा, आणि त्यासमोर तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘आज हवा छान.’ शेऱ्यासाठी वहीत रकाना नव्हता. पुढची वही आखताना आम्ही तो ठेवला आहे.